ट्रंक कॉल ते ट्रंक रेडिओ

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांतून ‘ट्रंक कॉल’ हा शब्द अद्याप पुरता विसरला गेलेला नाही. मुंबईस नोकरीनिमित्त गेलेल्या मुलाची खुशाली, पुण्याच्या सोयऱ्यांचा निरोप, कोणाच्या आजारपणाची वार्ता, हे सारे त्या एका शब्दाशी निगडित होते. टेलिफोन कचेरीस नंबर सांगून ठेवायचा, कॉल साधा, अर्जंट की लाइटनिंग ते ठरवायचे, आणि मग फोनच्या आसपास तासन्‌तास वावरायचे. घंटी वाजली की सारे घर गोळा होई.

हा विलंब का होई, याचा विचार त्या काळी फारसा कोणी केला नसेल. कारण साधे होते. बेळगाव व मुंबई यांच्यामध्ये प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी तार नव्हती. मोजक्या तारा होत्या आणि त्या सर्वांच्या सामाईक होत्या. जी तार मोकळी होईल ती पुढच्या गरजवंतास द्यायची, हे ऑपरेटरचे काम. इंग्रजीत ‘ट्रंक’ म्हणजे झाडाचे खोड. फांद्या अनेक, पण रस वाहून नेणारे खोड एकच, या कल्पनेवरून दोन केंद्रांमधील सामाईक तारांना हे नाव पडले. १९६० साली कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान ग्राहकास स्वतः नंबर फिरवून परगावी बोलण्याची सोय झाली. पुढे ती देशभर पसरली आणि ऑपरेटरचे काम यंत्राने घेतले. खोड मात्र सामाईकच राहिले.

हाच शब्द तारेतून उतरून पोलीस, अग्निशमन दल आणि मेट्रो रेल्वे यांच्या बिनतारी यंत्रणेत शिरला. त्या यंत्रणेस ‘ट्रंक रेडिओ’ म्हणतात. परदेशांत पोलिसांचे बिनतारी संदेश ऐकण्याचा छंद जोपासणारे हजारो लोक आहेत. या यंत्रणेने त्यांच्या छंदाचे स्वरूपच पालटले. आपल्याकडे तो छंद कायद्याने वर्ज्य आहे. तरीही या विषयाकडे इतिहासाच्या अंगाने पाहावे असे आम्हांस वाटले, कारण बिनतारी संदेश ऐकणे आणि ऐकवणे या गोष्टींशी आपल्या सीमाभागाचा संबंध जुना आहे.

सीमेवरचा कान

सरकारला नको असलेला आवाज हवेतून पोहोचवण्याचे धाडस महाराष्ट्राने १९४२ साली पाहिले. ‘छोडो भारत’ आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्तपणे ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. ऑगस्टच्या अखेरीस सुरू झालेले हे केंद्र पोलिसांनी १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडले. पकडले जाऊ नये म्हणून ही मंडळी वारंवार जागा बदलीत, आणि पोलीस त्यांच्या लहरींचा माग काढीत. एकाने बोलायचे, दुसऱ्याने त्याचा माग काढायचा, हा बिनतारीचा खेळ तेव्हापासून आपल्या ओळखीचा आहे.

आपल्या अधिक जवळची कथा गोव्याच्या मुक्तीची. दादरा व नगर हवेलीत १९५४ साली पोर्तुगीजांकडून हस्तगत झालेल्या बिनतारी संचांतून एक प्रक्षेपक तयार करण्यात आला, आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे गुप्त केंद्र बोलू लागले. वामन सरदेसाई व लिबिया लोबो हे तरुण-तरुणी ते चालवीत. प्रथम आंबोलीच्या जंगलातून व पुढे कॅसलरॉकच्या रानातून, म्हणजे आपल्या लोंढा-खानापूरच्या उंबरठ्यावरून, पोर्तुगीज व कोकणी भाषांत हे प्रक्षेपण सहा वर्षे चालले. १५१० साली अल्बुकर्कने गोवा घेतले तोही २५ नोव्हेंबरचाच दिवस होता. जंगलात राहून, साप-किरडू आणि पावसाळा सोसून दोन माणसांनी एका साम्राज्याशी हवेतून वाद घातला. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्याच्या मोहिमेसाठी बेळगावी जमल्या. हवाई कारवाईसाठी पुण्याबरोबर आपले सांबरे हेही ठाणे होते. १८ डिसेंबरला हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला केला. शत्रूचा विमानतळ निकामी करणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच त्याचे तोंड बंद करणे, हे त्या पहिल्या दिवसाच्या लक्ष्यांतून दिसते. गोवा मुक्त झाल्यावर सरदेसाई व लोबो यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावरून ती वार्ता पणजीवर घोषित केली. सहा वर्षे रानात लपून बोललेला आवाज अखेर उघड्या आकाशातून बोलला.

चौकातली जीप

पोलिसांची बिनतारी यंत्रणा ही याच लहरींची, पण अगदी वेगळ्या स्वभावाची. अमेरिकेतील डेट्रॉईट शहराच्या पोलिसांनी १९२८ साली गस्तीच्या मोटारींना केंद्रावरून संदेश देण्याची पद्धत यशस्वी केली. मोटारीतील शिपाई फक्त ऐकू शके, उत्तर देऊ शकत नसे. गंमत अशी की आधीच्या प्रयोगकाळात या केंद्रास करमणूक-केंद्राचा परवाना होता, त्यामुळे चोरीच्या मोटारींची वर्णने आणि संगीत एकाच केंद्रावरून ऐकू येई. घरोघरच्या साध्या रेडिओवर नागरिकही ते ऐकत. पोलिसांचा रेडिओ ऐकण्याचा छंद त्या यंत्रणेबरोबरच जन्मला, असे म्हटले तरी चालेल. भारतात पोलीस बिनतारी सेवेचा समन्वय करणारे केंद्रीय खाते १९४६ साली स्थापन झाले आणि राज्यांच्या पोलीस दलांत ही यंत्रणा रुजत गेली.

आपल्या पिढीने ही यंत्रणा पाहिली ती चौकात उभ्या असलेल्या जीपमधून. गणेश विसर्जनाची मिरवणूक असो वा शिवजयंतीच्या चित्ररथांची, जीपमधील संचातून खरखर येई, मध्येच एखादे ठिकाण, एखादा आकडा आणि ‘ओव्हर’ एवढे कानी पडे. आम्ही मुले उगाच जवळ जाऊन उभे राहत असू. अर्थ कळत नसे, पण गावात कोठेतरी काहीतरी घडते आहे एवढे कळे.

त्या यंत्रणेची रचना सोपी होती. एका खात्यास एक ठरलेली फ्रिक्वेन्सी. पोलीस एका वाहिनीवर, अग्निशमन दल दुसऱ्या वाहिनीवर. ज्याच्या संचात ती फ्रिक्वेन्सी लागेल त्याला सारे ऐकू येणार. परदेशांतील छंदिष्ट श्रोते ‘स्कॅनर’ नावाचा संच वापरीत. तो अनेक वाहिन्या एकामागून एक चाळतो आणि जेथे आवाज असेल तेथे थांबतो. यादी पाठ असली की झाले.

पाटकऱ्याची युक्ती

या सोप्या रचनेत एक मोठा अपव्यय होता. तो समजण्यासाठी दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या आपल्या शेतकऱ्यास पोथी उघडण्याची गरज नाही. पाच शेतकऱ्यांना पाच स्वतंत्र पाट दिले, तर एकाचा पाट कोरडा वाहतो आणि त्याच वेळी शेजाऱ्याचा ऊस वाळतो. पाणी एकत्र ठेवून पाटकऱ्याने गरजेप्रमाणे सोडले, तर तेच पाणी सर्वांस पुरते.

या व्यवहारास गणिताचे रूप दिले ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग या डॅनिश गणितज्ञाने. १९०९ साली त्याने टेलिफोनच्या रहदारीवर पहिला निबंध लिहिला आणि १९१७ साली आपले प्रसिद्ध सूत्र मांडले. ते आपण कपिलेश्वर तलावावरील विसर्जनाचे कल्पित उदाहरण घेऊन पाहू. समजा, बंदोबस्तासाठी पाच वाहिन्या आहेत: मिरवणूक, वाहतूक, तलाव, अग्निशमन आणि राखीव. प्रत्येकीवर तासाला सरासरी सहा मिनिटे बोलणे होते. वाहिन्या स्वतंत्र असतील, तर बोलू पाहणाऱ्यास आपली वाहिनी गुंतलेली आढळण्याचा संभव अकरांत एक. आता त्याच पाच वाहिन्या सामाईक करा. त्यांपैकी एक केवळ व्यवस्थेसाठी बाजूला ठेवा आणि उरलेल्या चार सर्वांना मिळून द्या. एरलांगच्या सूत्राप्रमाणे सर्व वाटा गुंतलेल्या आढळण्याचा संभव आता सुमारे सहाशे तीसांत एक एवढा उतरतो. एक वाहिनी खर्ची घालूनही अडचण पन्नासपटींहून अधिक कमी झाली. सामाईकपणाचा हा लाभ ट्रंक रेडिओच्या मुळाशी आहे.

बाजूला ठेवलेल्या त्या वाहिनीस नियंत्रण-वाहिनी म्हणतात. तिच्यावर माणसाचा आवाज नसतो. केंद्रातील संगणक व शिपायांचे संच यांच्यातील अंकांची देवघेव अखंड चालते. प्रत्येक संच तिच्यावर कान लावून असतो. तलावावरील शिपायाने बोलण्याची कळ दाबली की त्याचा संच प्रथम केंद्रास विनंती पाठवतो: अमुक क्रमांकाच्या संचास अमुक गटाशी बोलायचे आहे. केंद्र मोकळी वाहिनी शोधते आणि जाहीर करते: या गटाने तिसऱ्या वाहिनीवर जावे. त्या गटाचे सारे संच क्षणार्धात तिकडे वळतात. बोलणे संपले की वाहिनी पुन्हा सर्वांची होते. वाहिनी मोकळी नसेल तर विनंती रांगेत उभी राहते, आणि संकटाची कळ दाबलेली असेल तर ती रांगेत पुढे जाते. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग हे आपल्या ट्रंक कॉलचे प्रकार येथे नव्या वेशात भेटतात. जुन्या ऑपरेटरची जागा संगणकाने घेतली, इतकेच.

या रचनेत फ्रिक्वेन्सी कोणाच्याच मालकीची राहत नाही. ओळख राहते ती संभाषण-गटाची. गटास क्रमांक असतो, आणि वाहिनी दर वेळी बदलली तरी गट मोडत नाही. गरज पडल्यास दोन गट जोडून एक करता येतात. या सोयीचे मोल मोठ्या आपत्तीत कळते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिलेला इशारा इमारतीतील अनेक अग्निशामक जवानांपर्यंत पोहोचला नाही, कारण दोन दलांचे रेडिओ एकमेकांशी जोडलेले नव्हते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपला पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद पडला होता. पंचगंगा, दूधगंगा आणि वेदगंगा यांना राज्याची हद्द ठाऊक नसते. कागल व कोगनोळी यांच्यामधील हद्दीवर राहणाऱ्या आपणांस, दोन बाजूंच्या यंत्रणांनी एका गटात बोलण्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

श्रोता मागे पडतो

अमेरिकेत १९७४ साली ८०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा अशा सेवांना मोकळा झाला आणि त्यानंतर ट्रंक यंत्रणा वाढीस लागल्या. ब्रिटनने १९८८ साली स्वतःचे मानक ठरवले. युरोपचे ‘टेट्रा’ हे अंकीय मानक १९९५ च्या सुमारास आले. त्यात एका वाहिनीचे काळाच्या तुकड्यांत चार भाग पाडून चार संभाषणे चालवतात. भारतात दिल्लीच्या २०१० मधील राष्ट्रकुल स्पर्धांसाठी टेट्राचे जाळे उभारले गेले, आणि मेट्रो रेल्वेंतही हे मानक वापरात आले.

जुना स्कॅनर येथे गोंधळून गेला. त्याला एका वाहिनीवर मिरवणुकीचे अर्धे वाक्य ऐकू येई, आणि उत्तर ऐकू यावे तर तेथे वाहतूक शाखा बोलत असे. उत्तर केव्हाच दुसऱ्या वाहिनीवर गेलेले असे. १९९७ साली अमेरिकेत प्रथम असा स्कॅनर बाजारात आला की जो नियंत्रण-वाहिनीचे अंक वाचून गटाचा पाठलाग करी. छंदाचे स्वरूप तेथे पालटले. पूर्वी यादी पाठ केली की भागे, आता यंत्रणेची रचना समजून घ्यावी लागे. ऐकण्यासाठी आधी शिकणे आले.

पुढची पायरी कूटलेखनाची. आवाजाचे अंक झाले की त्यांना कुलूप घालणे सोपे होते, आणि त्या कुलपापुढे कोणताही स्कॅनर चालत नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ पासून आपल्या वाहिन्या टप्प्याटप्प्याने कुलूपबंद करण्यास प्रारंभ केला, तेव्हा तेथील पत्रकारांनी आक्षेप घेतला. पिढ्यान्‌पिढ्या हे संदेश ऐकूनच ते घटनास्थळी पोहोचत आले होते.

कायद्याची वेस

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात कधी उभा राहिला नाही. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा यांनी परवान्याशिवाय बिनतारी संच बाळगणे व परक्याचे संदेश टिपणे यांस मज्जाव केला होता. घरातील रेडिओचासुद्धा परवाना टपाल कचेरीतून घ्यावा लागे, हे आपल्यांतील वडीलधाऱ्यांस आठवत असेल. त्या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली दूरसंचार कायदा केला, आणि बेकायदा संदेश टिपणे त्यातही शिक्षापात्र आहे. तेव्हा कोणी तरुण वाचक हे वाचून स्कॅनर मागवण्याच्या विचारात असेल, तर त्याने तो विचार सोडावा. बिनतारीची हौस असेल तर परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळवण्याचा राजमार्ग खुला आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी अंदमानात योगायोगाने उपस्थित असलेल्या हौशी रेडिओ पथकाने बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क राखण्यास जे साहाय्य केले, ते या छंदाचे भूषण आहे.

या बंदीमागे निव्वळ साम्राज्याचा धाक आहे, असे आम्हांस म्हणवत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात दूर बसलेले सूत्रधार दूरचित्रवाणीवरील थेट चित्रण पाहून हल्लेखोरांस सूचना देत होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालपत्रात या थेट चित्रणावर कठोर शब्दांत टीका केली. प्रत्येक कान निष्पाप नसतो, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र गुप्ततेलाही मर्यादा आहेत. २०२३ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले की टेट्राच्या एका कुलपाची किल्ली सांगितली जाई त्याहून फारच लहान, म्हणजे ऐंशीऐवजी बत्तीस अंकघरांची होती. सामान्य संगणकास ती अल्पावधीत सापडे. हे कुलूप सुमारे पाव शतक गुप्त राखल्यामुळे बाहेरच्या कोणी तपासले नव्हते. त्यानंतर युरोपच्या मानक संस्थेने ही सूत्रे प्रकट करण्याचा निर्णय घेतला. संदेश गुप्त असावा, पण यंत्रणेचे ज्ञान गुप्त ठेवल्याने सुरक्षितता वाढतेच असे नाही, हा त्यातील धडा.

उरते ती नोंद

एवढा प्रपंच करून आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते इतिहासाच्या अभ्यासकांपुरते आहे. ऐकणे आणि समजणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीस कायदा आडवा येतो, दुसरीस येत नाही. आणि इतिहासास या दोहोंहून तिसरीच गोष्ट लागते, ती म्हणजे नोंद.

एप्रिल १९८१ मध्ये निपाणीत तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनावर गोळीबार झाला. जून १९८६ मध्ये सीमाप्रश्नाच्या आंदोलनात आपल्या भागात पुन्हा गोळ्या चालल्या. या दिवसांच्या आठवणी आपल्या घराघरांत आहेत. कोण कोठे उभा होता, दगड आधी की गोळी आधी, याविषयी प्रत्येकाचे म्हणणे आहे. त्या तासांत बिनतारीवरून कोणता आदेश कोणी, किती वाजता दिला, हे मात्र आपण ऐकलेले नाही, आणि ऐकले असते तरी चौकातल्या जीपमधील खरखरीपलीकडे फार काही उरले नसते. कानाने ऐकलेले साक्षीला पुरत नाही. बिनतारी कक्षातील नोंदवहीचे पान पुरते.

ट्रंक यंत्रणेने श्रोत्याचा कान बंद केला, पण एक गोष्ट नकळत दिली. तिच्या संगणकास प्रत्येक विनंती ठाऊक असते: कोणता संच, कोणता गट, कोणती वेळ, किती सेकंद. ध्वनिमुद्रणही जोडता येते. जुन्या यंत्रणेत हवेत विरून जाणारा शब्द येथे अंकांच्या रूपाने उरू शकतो. प्रश्न एवढाच की तो किती दिवस जपला जाईल आणि कोणाच्या हाती राहील. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात एक तरतूद आहे: वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती मागितल्यास, देशाची सुरक्षितता, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे असे मोजके अपवाद वगळता, इतर कारणांस्तव ती नाकारता येत नाही. हा अधिकार ऐकण्याचा नाही, वाचण्याचा आहे. पण जपलेले कागद असतील तरच तो कामाचा.

म्हणून सीमाभागातील इतिहासप्रेमींनी स्कॅनरची असूया धरू नये. दोन्ही राज्यांच्या शासनांकडे त्यांनी मागणे करावे की बिनतारी कक्षाच्या जुन्या नोंदवह्या रद्दीत जाऊ नयेत, नव्या यंत्रणांचे मुद्रण ठराविक मुदतीनंतर सरसकट पुसले जाऊ नये, आणि महत्त्वाच्या दिवसांचे तरी अभिलेखागारात जमा व्हावे. हे मागणे कोणाच्या विरोधात नाही. गोळी झेललेल्याच्या घराला ते जितके उपयोगी, तितकेच त्या दिवशी कर्तव्य बजावणाऱ्या शिपायालाही.

ट्रंक कॉलच्या दिवसांत आपण तासन्‌तास थांबत असू, कारण पलीकडून आवाज येणार याची खात्री असे. वीस वर्षे थांबण्याचीही आपली तयारी आहे. पलीकडे काही जपून ठेवलेले असावे, एवढेच मागणे.